निळ्या झाकणाची टाकी

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. अम्मी अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितले, ऑपरेशन लवकर व्हायला हवे, मिरजेला न्या. अम्मींना बसवत नव्हते, आडवे झोपवूनच न्यायचे होते. धाकटा भाऊ म्हणाला, "आपा, आपली घरगाडी दारात उभी असताना दुसऱ्या गाडीची वाट कशाला बघायची? पलंगावर झोपवून नेतो." डॉक्टरांनीही होकार दिला.

घरगाडी म्हणजे मोटरहोम. भावाने तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली. सतरा-अठरा माणसे बसतील एवढ्या डिझेल गाडीच्या सांगाड्यावर आत दोन पलंग, छोटा ओटा, गॅस, बेसिन आणि संडास बसवलेला. आमच्याकडच्या कुटुंबांना ती फार आवडते. आपली भांडी, आपला स्वयंपाक, म्हाताऱ्या माणसांना पाय पसरायला जागा, बायकांना नमाजपुरता आडोसा. दिवाळीपासून मेपर्यंत गाडी भाड्याने फिरते आणि पावसाळ्यात शेडमध्ये उभी राहते. त्या गाडीवरच भावाचे घर चालते.

आम्ही सकाळी निघालो. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाटाचा चढ लागला आणि मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. भाऊ काही बोलला नाही. चौथ्या-पाचव्या वळणावर गाडीचा जीवच गेला. इंजिन सुरू होते, आवाज नेहमीचा होता, पण गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी बैलगाडीच्या चालीने सरकत होती. मागे ट्रकांची रांग, हॉर्नचा कल्लोळ आणि आत प्रत्येक हिसक्याला अम्मींचे "या अल्लाह". शेवटी एका वळणाच्या कडेला गाडी घ्यावी लागली. एका जीपवाल्याने पुढे जाऊन १०८ ला फोन लावून दिला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत दीड तास गेला. मी अम्मींचा हात धरून बसले होते आणि भाऊ बाहेर दगडावर डोके धरून बसला होता.

अल्हमदुलिल्लाह, ऑपरेशन नीट झाले. आज अम्मी वॉकर धरून घरभर फिरतात. पण त्या दीड तासाने आम्हा सगळ्यांना एक धडा दिला. ज्यांच्या घरी २०२० नंतरची डिझेल गाडी आहे, मग ती ट्रॅव्हलर असो, बस असो, टेम्पो असो की मोटरहोम, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

दोष इंजिनात नव्हता

सर्व्हिस सेंटरला गाडी उघडली तेव्हा डिझेल भरपूर, ऑइल चांगले, इंजिन ठणठणीत निघाले. बिघाड होता तो निळ्या झाकणाच्या छोट्या टाकीत आणि तिथून सायलेन्सरकडे जाणाऱ्या बारीक नळीत. या टाकीत जे पाण्यासारखे द्रव भरतात त्याला डीईएफ म्हणतात. कोणी ॲडब्लू म्हणतो. ते खरे तर जर्मन वाहन उत्पादकांच्या संघटनेचे नोंदवलेले नाव आहे. ड्रायव्हर मंडळी मात्र सरळ "युरिया" म्हणतात.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांकडून मी हे सगळे समजून घेतले. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी. मला जे समजले ते कोणालाही समजेल, अशा हिशेबाने सांगते.

हवेत बहुतेक भाग नायट्रोजनचा असतो. एरवी हा वायू कोणाच्या वाटेला जात नाही. पण डिझेल इंजिनात प्रचंड दाब आणि उष्णता असते. तिथे नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात आणि नायट्रोजन ऑक्साइड नावाचे विषारी वायू तयार होतात. डोळे चुरचुरणे, दमा वाढणे, शहरांवर धुरकट हवा साचणे, या सगळ्यात त्यांचा हात असतो. गंमत अशी की, इंजिन जितके जोमदार आणि इंधन जितके पुरेपूर जळेल, तितके हे वायू वाढू शकतात. काळा धूर दिसत नाही म्हणजे धूर स्वच्छ, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे.

यावर उपाय असा काढला की, इंजिनाला त्याचे काम करू द्यायचे आणि धूर बाहेर पडण्याआधी सायलेन्सरच्या वाटेवर त्याला धुऊन घ्यायचे. गरम धुरात डीईएफचा बारीक फवारा सोडतात. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो. पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असलेला एक डबा असतो. त्यात अमोनिया आणि विषारी वायू एकमेकांना भिडतात आणि शेवटी उरतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. म्हणजे हवेतून घेतलेला नायट्रोजन हवेला जवळपास होता तसा परत.

अमेरिकेत मोठ्या डिझेल इंजिनांसाठी २०१० चे कडक नियम आले तेव्हापासून तिथल्या मोठ्या मोटरहोममध्ये ही टाकी नेहमीची झाली. युरोपात युरो ६ नियमांनंतर तेच झाले. आपल्याकडे बीएस ४ वरून मधली बीएस ५ ही पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून देशभर एकदम बीएस ६ लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आले आणि बस-ट्रकच्या बाजूला निळ्या झाकणाची टाकी दिसू लागली.

खालाजानचा प्रश्न

अम्मींना भेटायला आलेल्या खालाजान हे सगळे ऐकत होत्या. त्यांनी हळूच विचारले, "युरिया म्हणजे लघवीतला ना? मग भरताना कपड्यांवर उडाला तर?" पोरे हसली, पण प्रश्न रास्त होता आणि अनेकांच्या मनात तो असतो.

युरिया शरीरात तयार होतो हे खरे. पण १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने तो प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. आज जगभरचा युरिया कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडपासून बनतो. टाकीतल्या द्रवात माणसाचे किंवा जनावराचे काहीही नसते. त्यात शंभर भागांत साडेबत्तीस भाग अत्यंत शुद्ध युरिया आणि बाकी साडेसदुसष्ट भाग क्षार काढलेले पाणी असते. कपड्यावर उडाले तर पाण्याने धुवावे. वाळले तर मिठासारखे पांढरे कण राहतात, तेही पाण्यात विरघळतात. ते विषारी नाही. तरी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि धातूच्या भांड्यात ओतू नये, कारण तांबे, पितळ, जस्ताचा मुलामा आणि ॲल्युमिनियम यांना ते खाते.

हे साडेबत्तीसचे प्रमाण उगीच ठरवलेले नाही. या प्रमाणात हे मिश्रण सर्वांत कमी तापमानाला, म्हणजे उणे ११ अंशांना गोठते आणि गोठताना पाणी व युरिया वेगळे होत नाहीत. थंड मुलखातल्या गाड्यांच्या टाकीत ते वितळवायला हीटर असतो. आपल्या कोकणात गोठण्याची भीती नाही. आपली अडचण उलटी आहे, ती उन्हाची.

भावाच्या चुका

भावाला मी रागावले नाही. तो स्वतःच सांगत गेला आणि एकेक चूक उलगडत गेली.

पहिली चूक स्वस्ताईची. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरल्यावर पहिली भाड्याची फेरी आली. हायवेवरच्या एका टपरीवर कंपनीच्या बादलीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत, शिक्का-चिठ्ठी काही नसलेला कॅन मिळाला. त्याने तो टाकीत ओतला. असा माल कशाचा बनतो? शेतकऱ्याला ४५ किलो युरियाची गोणी सरकारी अनुदानामुळे २४२ रुपयांना मिळते, त्यावर कर आणि लेपाचा खर्च वेगळा. काही लोक हीच गोणी विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यात विरघळवून विकतात. शेतीच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे आणि अनुदानाचा युरिया कारखानदारीकडे वळू नये हे त्या लेपाचे एक कारणच आहे. तो लेप, युरियातला बाययुरेट नावाचा अशुद्ध भाग आणि पाण्यातले क्षार हे सगळे फवाऱ्याच्या बारीक भोकात आणि जाळीत जाऊन बसतात. चांगल्या डीईएफच्या एका किलोत कॅल्शियम अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. आपल्या विहिरीच्या पाण्यात ते याच्या कितीतरी पट असते. शिवाय असा माल घेणे म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याचे खत दुसरीकडे वळवण्याला हातभार लावणे. तो गुन्हाही आहे आणि अन्यायही.

दुसरी चूक साठवणीची. शेडमध्ये मागच्या उन्हाळ्यातली अर्धी बादली पडून होती, तीही त्याने वापरली. डीईएफला वय असते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५ अंशांच्या आत ठेवले तर ते दीड वर्ष टिकते, ३० अंशांच्या आत वर्षभर आणि ३५ अंशांपर्यंत जेमतेम सहा महिने. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात काय होत असेल याचा विचार करा. उष्णतेने त्यातला युरिया हळूहळू अमोनियात मोडतो आणि झाकण उघडताच नाकाला झोंबणारा वास येतो. रोज धावणाऱ्या ट्रकमध्ये डीईएफ साचून राहत नाही. मोटरहोम मात्र महिनोन् महिने उभी असते, म्हणून तिच्या टाकीतला मालही जुना होतो.

तिसरी चूक मला सर्वांत नवी वाटली. मोटरहोमला दिवे, फ्रिज, पंखे यांच्यासाठी जादा बॅटरी असते. बॅटरी उतरू नये म्हणून भाऊ गाडी बंद केली की लगेच मुख्य बॅटरीचा खटका पाडायचा. मेस्त्रीने कपाळावर हात मारला. गाडी बंद केल्यावरही डीईएफचा पंप थोडा वेळ चालू राहतो. नळीत उरलेले द्रव तो परत टाकीत ओढून घेतो. तेवढ्यात वीज तोडली तर द्रव नळीतच राहते, गरम सायलेन्सरजवळ वाळते आणि त्याचे खडे होतात. चार महिन्यांच्या पावसाळी मुक्कामात ते दगडासारखे झाले होते.

आणि चौथी चूक. सप्टेंबरच्या फेरीहून परततानाच पिवळा दिवा लागला होता. "दोन हप्ते थकले होते आपा. म्हटलं पुढच्या भाड्यात दाखवू." हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. अम्मींना गाडीत घेताना त्याला तो दिवा माहीत होता.

हा दिवा शोभेचा नसतो. आधी इशारा येतो, मग मीटरवर संदेश येतो. तरीही दुर्लक्ष केले तर गाडीचा संगणक इंजिनाची ताकद कमी करतो. काही हलक्या गाड्या एकदा बंद झाल्या की टाकी भरेपर्यंत पुन्हा सुरूच होत नाहीत. गाडीने धूर न धुता पळत राहू नये म्हणून कायद्यानेच ही व्यवस्था ठेवली आहे. आमची गाडी घाटात बिघडली असे आम्ही म्हणत होतो. खरे तर तिने कित्येक दिवस आधी सांगून मग हात टेकले होते.

टाकी धुणे, नळी, फवारा आणि मजुरी मिळून दोन महिन्यांच्या हप्त्याएवढे बिल झाले. स्वस्त कॅनमध्ये वाचले होते काही शे रुपये.

सोपी वाट

बिलाच्या चिंतेत असताना भावाला एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला, "कशाला या फंदात पडतोस? एक छोटा डबा बसवून देतो. गाडीला वाटेल सगळं ठीक आहे. युरियाच टाकायला नको." असे डबे मिळतात. ते संगणकाला खोटे आकडे सांगतात आणि गाडी डीईएफशिवाय धावते.

भावाने मला विचारले तेव्हा मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक कायद्याची. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीची वॉरंटीही धोक्यात येते. आणि अशी लबाडी मोठ्यांनाही पचली नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन कंपनीची चोरी उघड केली. तपासणीच्या वेळी धूर स्वच्छ आणि रस्त्यावर मात्र घाण, अशी युक्ती गाडीच्या संगणकात घातलेली होती. जगभरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्यांत ती निघाली आणि कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले.

दुसरी गोष्ट माझ्या शाळेची. आमची शाळा हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या वर्गात तीन मुले दप्तरात दम्याचा पंप घेऊन येतात. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्येच जाहीर केले. मी भावाला म्हटले, "तुझ्या गाडीचा धूर तुझ्या नाकात जात नाही. तो मागे राहतो आणि मागे आमचा वर्ग आहे. कोणाला दिसत नाही म्हणून हक्क मारला तर तो हक्क राहत नाही का?" तो काही बोलला नाही. पण डबा बसवला नाही.

खर्चाचा हिशेब

डीईएफ हा मोठा खर्च आहे, हा समजही कागदावर मांडला की टिकत नाही. साधारणपणे जेवढे डिझेल जळते त्याच्या शंभरात तीन ते पाच भाग डीईएफ लागते. गाडी लिटरला दहा किलोमीटर देत असेल तर हजार किलोमीटरला शंभर लिटर डिझेल आणि तीन ते पाच लिटर डीईएफ. लिटरमागे ते डिझेलपेक्षा स्वस्तच पडते. म्हणजे चिपळूण ते मिरज जाऊन-येऊन लिटर-दोन लिटरचा प्रश्न. तेवढ्यासाठी आम्ही अम्मींना घाटात दीड तास ठेवले.

हे साधे द्रव किती महत्त्वाचे आहे ते दक्षिण कोरियाने २०२१ मध्ये पाहिले. त्या देशात युरिया जवळजवळ सगळा चीनमधून येत असे. चीनने निर्यातीला लगाम घातला आणि नोव्हेंबरमध्ये कोरियात डीईएफसाठी रांगा लागल्या. ट्रक उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा सरकारने हवाई दलाचे विमान पाठवून ऑस्ट्रेलियातून डीईएफ आणले.

घरात लिहून ठेवा

भावाने आता गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. अक्षर माझे, मुद्दे त्याच्या मेस्त्रीचे. आपल्याही उपयोगी पडतील.

• शिक्का बंद असलेली, कंपनीचे नाव, तारीख आणि आयएसओ २२२४१ हे मानक छापलेली बादलीच घ्यावी किंवा पंपावरच्या डीईएफच्या नळीतून भरावे. बिल मागावे.

• लागेल तेवढेच घ्यावे. बादली सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवावी. वास तीव्र असेल किंवा रंग गढूळ असेल तर वापरू नये.

• पाणी, घरी बनवलेले मिश्रण, शेतीचा युरिया यांतले काहीही टाकीत घालू नये. भरायचे नरसाळे वेगळे आणि स्वच्छ असावे. डिझेलच्या नरसाळ्याचा एक थेंबही नको.

• चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेले किंवा डिझेल निळ्या टाकीत गेले तर चावी फिरवूच नये. गाडी सुरू केली नाही तर टाकी रिकामी करून निभावते. सुरू केली तर पंप आणि इंजेक्टरपर्यंत नुकसान जाते. गाडी ओढून न्यावी.

• गाडी बंद केल्यावर मुख्य बॅटरीचा खटका लगेच पाडू नये. गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे.

• गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर अधूनमधून बाहेर काढून इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावी. नुसती जागेवर सुरू ठेवून भागत नाही, कारण सायलेन्सर पुरेसा तापला तरच फवारा काम करतो.

• मोसमाची पहिली फेरी घेण्याआधी मेस्त्रीकडून डीईएफचे प्रमाण तपासून घ्यावे. त्यासाठी एका थेंबात आकडा दाखवणारे छोटे यंत्र असते. ते प्रमाण सांगते, भेसळ ओळखत नाही. म्हणून चांगल्या दुकानाला पर्याय नाही.

• पिवळा दिवा लागला की त्याच आठवड्यात गाडी दाखवावी. पैसे नसतील तर घरात सांगावे.

हा शेवटचा मुद्दा मी माझ्या मनाने घातला आहे. भावाने त्या दिव्याबद्दल एक शब्द सांगितला असता तर माझ्या पगारातून काम झाले असते. आपल्या घरांत कमावता पुरुष अडचण बोलून दाखवत नाही आणि बायकांनी गाडीचे काय विचारायचे, असे आपण समजतो. त्या गाडीवर घर चालते, त्या गाडीतून आपली माणसे जातात, मग विचारायला हरकत काय?

मागच्या महिन्यात अम्मींना तपासणीसाठी पुन्हा मिरजेला न्यायचे होते. त्या पलंगावर बसल्या, काठी शेजारी ठेवली आणि गाडी सुरू व्हायच्या आधी भावाला विचारले, "बेटा, तो पिवळा दिवा बघितलास?" तो म्हणाला, "बघितला अम्मी. विझलेला आहे." मग आम्ही निघालो आणि घाट एका दमात चढलो.